फुलांआड दडलेले विषाणू

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कूटने सरोवराच्या परिसरातील नेल्सन गावाजवळ, 1933 साली चेरीच्या बागांत एक चमत्कारिक रोग प्रथम दृष्टीस पडला. बहर यथास्थित येई, फळही धरे, परंतु ते वाढेचना. आणि गडद, टपोऱ्या, मधुर फळांसाठी नावाजलेली लॅम्बर्ट जातीची चेरी लहान, फिकट व बेचव निपजून बाजारात मातीमोल ठरू लागली. दीड दशकाच्या आत हा रोग त्या साऱ्या मुलखात पसरला व पुढील काळात तेथील चेरीचा व्यवसाय जवळजवळ नामशेष झाला. ‘लिटल चेरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचे विषाणू कलमांतून व पिठ्या ढेकणांमार्फत पसरतात, हे पुढे सिद्ध झाले. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी निष्पन्न झाली की, उद्यानांत व अंगणांत केवळ शोभेसाठी लावलेल्या जपानी चेरीच्या जाती तेच विषाणू अंगी बाळगूनही बाह्यतः संपूर्ण निरोगी दिसतात.

ज्या झाडावर रोगाचे एकही लक्षण नाही, त्याची झडती घ्यावयाची कशी? या प्रश्नाचे उत्तर प्रथम वनस्पतींनीच पुरविले, आणि मला या शास्त्राचे खरे सौंदर्य येथेच दिसते. शिरोफुगेन ही पांढरी, पुढे गुलाबी होत जाणारी दुहेरी फुले देणारी शोभेची चेरी नेक्रोटिक रिंगस्पॉट व प्रून ड्वार्फ या चेरीवरील दुसऱ्या विषाणूंच्या बाबतीत विलक्षण संवेदनशील आहे. संशयित झाडाचा डोळा काढून तो शिरोफुगेनच्या फांदीच्या सालीत भरावयाचा. डोळा निर्दोष असेल तर सांधा बिनबोभाट जुळतो, परंतु तो बाधित असेल तर काही आठवड्यांत त्याच्या भोवतालची साल काळी पडून मरते व जखमेतून डिंक पाझरू लागतो. पुढे ती फांदी छाटून टाकतात, त्यामुळे एकच झाड अनेक नमुन्यांची परीक्षा करू शकते. एका विषाणूला निमूटपणे आश्रय देणाऱ्या शोभेच्या चेरींपैकीच एखादी दुसऱ्या विषाणूचा असा बोभाटा करते!

आज एलायझा चाचणी विषाणूच्या प्रथिनावरून आणि पीसीआर त्याच्या जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती काढून काही तासांत निदान करते. तथापि यंत्राच्या निकालावर डोळे मिटून विसंबता येत नाही. कारण झाडाच्या सर्व फांद्यांत विषाणू समप्रमाणात नसतो, आणि कित्येक विषाणूंचे प्रमाण उन्हाळ्याच्या उष्णतेत घटते. सबब योग्य ऋतूत, झाडाच्या निरनिराळ्या बाजूंच्या फांद्यांवरून नमुने न घेतल्यास ‘निर्दोष’ असा दाखला मिळालेले झाडही बाधित निघू शकते.

विषाणू असा नजरेतून निसटल्यास त्याची किंमत किती जबर असते, हे टोकियोच्या पश्चिमेस असलेल्या ओमे नगरात दिसले. तेथील उमे, म्हणजे फळांसाठी व फुलांसाठी सारखीच प्रिय असलेली जपानी जर्दाळू, वसंतारंभी असंख्य लोकांना आकर्षून घेई. 2009 साली तिच्यात प्लम पॉक्स विषाणू आढळला. मावा किडीमुळे तो झाडाझाडांत पसरतो आणि एकदा जडल्यावर त्यावर औषध नाही; म्हणून 2014 साली तेथील प्रसिद्ध उद्यानातील सर्व उमे वृक्ष तोडावे लागले. नव्या लागवडीस परवानगी मिळेपर्यंत 2016 साल उजाडले.

माझे स्पष्ट मत असे की, फळबागेला एक नियम आणि फुलबागेला दुसरा, हा भेद सरकारी दप्तरात कितीही सोयीचा असला तरी विषाणू तो मानीत नाही. शोभेच्या कलमांची तपासणी फळझाडांइतकीच कडक असली पाहिजे. आपल्या देशात 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशान्वये परदेशातून रोपे वा कलमकाड्या आणण्यास आयात परवाना व मूळ देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. परदेशी राहणाऱ्या आप्तांकडून सामानात लपवून एखादी सुंदर फुलझाडाची काडी आणविण्याचा मोह वाचकांपैकी कोणास होत असेल, तर त्याने तो कृपया आवरावा आणि रोप रीतसर परवान्यानेच आणवावे.