मुलीची वाट आणि महाविद्यालयाची निवड

बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुलगी दर्जाने खालच्या महाविद्यालयात प्रवेश घेते, तेव्हा त्याचे कारण सहसा पालकांच्या मागासलेपणात शोधले जाते. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांचा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला दिल्ली विद्यापीठातील अभ्यास वेगळी बाजू दाखवतो. सुमारे 4000 विद्यार्थ्यांचे घर ते महाविद्यालय हे मार्ग आणि त्या मार्गांवरील सुरक्षिततेची माहिती त्यांनी एकत्र मांडली. अधिक सुरक्षित वाटणाऱ्या वाटेसाठी मुली वरच्या श्रेणीतील महाविद्यालय सोडून खालच्या श्रेणीतील पत्करतात, शिवाय अशा वाटेसाठी मुलांपेक्षा वर्षाला 18,800 रुपये अधिक खर्च करण्याची त्यांची तयारी असते, असे आढळले.

म्हणजे रस्त्यावरची छेड ही शिक्षणाबाहेरची बाब नव्हे. मुस्लिम वस्त्यांत तिची झळ अधिक. सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवले होते की, अशा अनेक वस्त्यांत प्राथमिकच्या पुढच्या शाळा कमी आहेत आणि केवळ मुलींच्या तर त्याहून कमी. तेव्हा वस्तीबाहेर जाणे आलेच. वाटेत त्रास झाला हे मुलीने घरी सांगितले, तर त्रास देणाऱ्यावर नव्हे, तिच्याच येण्याजाण्यावर बंधन येण्याची धास्ती असते. म्हणून ती बोलत नाही, आणि शिक्षकाला हजेरीपटावर फक्त गैरहजेरी दिसते.

हे न बोललेले कागदावर आणण्याची एक सोपी पद्धत म्हणजे सुरक्षितता पाहणी. टोरांटोतील मेट्रॅक या संस्थेने ती 1989 मध्ये सुरू केली. दिल्लीत जागोरी संस्थेने ती राबवली, आणि 2013 मध्ये सेफ्टीपिन हे मोबाइल ॲप आले. ॲप नसले तरी कागद-पेन्सिल पुरते. सहा-सात मुली व एक शिक्षिका नेहमीच्या वाटेने चालतात, तेही दिवेलागणीनंतर, कारण तोच कोपरा दुपारी निराळा असतो. दिवे लागतात का, की झाडाच्या फांद्यांआड झाकले गेले आहेत? चहूकडचे दिसते का? पायवाट चालण्याजोगी आहे का? दुकानाची, खिडकीची नजर रस्त्यावर आहे का? बस, रिक्षा किती अंतरावर मिळते? वर्दळ मोजताना त्यात बायका किती, हे वेगळे लिहायचे. पानटपरीभोवतीची नुसती पुरुषांची गर्दी ही सोबत नव्हे. शेवटी, तिथे उभे राहिल्यावर कसे वाटले, हेही नोंदवायचे. ही नोंद शास्त्रीय नाही म्हणून पुष्कळदा गाळली जाते. ती गाळू नये.

नकाशावर मुलींची नावे नसावीत. मात्र 18 वर्षांखालील मुलीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे, हे मुलींना आधीच सांगावे. पाठलाग हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. त्यापूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता.

हैदराबादेत ऑक्टोबर 2014 मध्ये शी टीम्स सुरू झाल्या. कर्नाटकात जून 2023 मध्ये, तर तेलंगणात डिसेंबर 2023 मध्ये सरकारी बसमध्ये स्त्रियांचा प्रवास मोफत झाला. भाड्याची अडचण त्याने हलकी झाली. थांब्यापासून घरापर्यंतची वाट तशीच उरली. तिथल्या बंद दिव्याची तक्रार महापालिकेकडे खांब क्रमांकासह द्यावी, कारण 'परिसरात अंधार आहे' एवढ्याने कर्मचारी कुठे जायचे ते ठरवू शकत नाही. काही दुरुस्त्या मात्र महाविद्यालयाच्याच हातात असतात: जादा तास साडेपाचला संपत असेल आणि बस सव्वापाचला सुटत असेल, तर वेळापत्रकच बदलावे लागेल.