दुनळी श्वासयंत्राचा जीर्णोद्धार
जामखेडच्या विहिरीत तळ गाठणाऱ्या पोहणाऱ्यास कानांवरचा जो दाब जाणवतो, तो दर 10 मीटरांस सुमारे एका वायुमंडलाने वाढतो, आणि श्वासाची हवाही तितक्याच दाबाने न मिळाल्यास छाती फुलविणे अशक्य होते. 1943 साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो व एमिल गान्यां यांनी यावर जे यंत्र सिद्ध केले, त्याच्या मानेमागील पितळी डबीत रबरी पडदा असून, श्वासाच्या ओढीने तो आत दबताच झडप उघडते. उजव्या खांद्यावरील नळीने हवा येते, डावीने उच्छ्वास पुन्हा डबीपाशीच जाऊन बाहेर पडतो. हे उच्छ्वासद्वार पडद्यालगत ठेवण्यातच खरी कल्पकता होती, कारण एरवी दोहोंच्या खोलीतील फरकाने हवा आपोआप वाहून जाती.

जीर्णोद्धार म्हणजे बहुतांशी रबराचा निकाल लावणे: पितळ हिरवे पडले तरी टिकते, पण पडदा व नळ्या कडक होऊन तडकतात, सबब त्या बदलून, झडपेचा दाब मापकाने तपासल्याखेरीज पाण्यात उतरू नये. पालथे पोहताना डबी फुप्फुसांहून वर राहते म्हणून श्वास किंचित ओढावा लागतो. उताणे होताच हवा पंगतीतल्या आग्रहासारखी अंगावर येते. नवशिक्यास आजचे एकनळी यंत्रच उचित. तथापि बुडबुडे डोक्यामागे सुटत असल्याने जुने यंत्र छायाचित्रकारांस अद्याप सोयीचे वाटते.