पाण्या-हवेचे गणित का उधळते?

पाणी आणि हवा यांच्या एकत्रित प्रवाहाचे सिम्युलेशन काही काळ सुरळीत चालून एकाएकी डायव्हर्ज झाले, वेगाचे आणि दाबाचे आकडे भलत्याच उंचीला पोहोचले, की मेश अधिक बारीक करण्याची तजवीज बिनदिक्कत केली जाते. या क्षेत्रातील सर्वांत रूढ आणि, माझ्या मते, सर्वांत महागडा गैरसमज तो हाच. टाइम-स्टेप हा मेशमधील घरांच्या आकाराशी बांधलेला असतो, हे कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या त्रयीने १९२८ सालीच, आजच्या संगणकाचा मागमूसही नसताना, सिद्ध केले होते. आणि दोन प्रावस्थांच्या सीमेवर पृष्ठताण आला की ही अट अधिकच जाचक होते, कारण त्या सीमेवरून धावणारी आखूडात आखूड केशिक लहरही टाइम-स्टेपच्या चिमटीतून निसटून चालत नाही. ब्रॅकबिल, कोथे आणि झेमॅक यांनी १९९२ साली मांडलेल्या निकषाने हिशेब केला, तर पाणी व हवा यांसाठी १ मिलिमीटरच्या घराला सुमारे १ मिलिसेकंदाची मुभा मिळते; घर दहापट बारीक केले, की ती मुभा दहापट नव्हे, सुमारे ३२ पट घटते. टाइम-स्टेप तोच ठेवून मेश बारीक करणे म्हणजे उपाय म्हणून आजारच वाढवणे.

इम्प्लिसिट पद्धत पत्करली की या जाचातून सुटका झाली, असेही मानले जाते. ते अर्धसत्य आहे. वेग व दाब इम्प्लिसिट रीतीने सोडवले, तरी पृष्ठताण बहुधा मागील स्थितीतील वक्रतेवरूनच मोजला जातो, आणि तोवर वरील अट कायम राहते.

‘पाण्याचा वेग तर मामुली आहे, मग कूरांट अंक (एका टाइम-स्टेपमध्ये प्रवाह किती घरे ओलांडतो तो आकडा) वाढलाच कसा?’ अशी तक्रार करणाऱ्याने नजर हवेकडे वळवावी. ती पाण्याहून सुमारे ८०० पट हलकी असल्यामुळे दाबाच्या उतारातील जुजबी चूकही तिला तितक्याच पटीने अधिक त्वरण देते, आणि उधळण पुष्कळदा तेथूनच सुरू होते.

सिम्युलेशनमध्ये स्थिर थेंबाभोवती उमटणारे भोवरे हे निसर्गाचे देणे नव्हे. वक्रतेचा अंदाज चुकला, किंवा पृष्ठताणाचे बल व दाबाचा उतार यांची मांडणी परस्परांशी जुळली नाही, की ते उद्भवतात. श्यानता वाढवली असता ते मंदावतात खरे, पण मग ज्याचा अभ्यास चालला आहे ते पाणी राहत नाही.

म्हणून सेटिंगे चाळवण्यापूर्वी, गुरुत्वाकर्षण वगळून, १ मिलिमीटर त्रिज्येचा पाण्याचा स्थिर थेंब चालवून पाहावा: आतबाहेरच्या दाबांत सुमारे १४४ पास्कलचा फरक आला पाहिजे आणि वेग शून्य राहिला पाहिजे, जो वेग शिल्लक राहील तो सर्वस्वी गणनेचा दोष समजावा.