मांजरांची माती : पोत्याची किंमत नव्हे, महिन्याचा हिशेब पाहा

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे सासूबाई फजरच्या नमाजासाठी उठल्या आणि मुसल्ल्यावर पाय ठेवताच थबकल्या. मुसल्ला ओला होता. आमच्या चार मांजरांपैकी एकीने रात्री तिथे लघवी केली होती. सासूबाई ओरडल्या नाहीत. दुसरा मुसल्ला अंथरून त्यांनी नमाज अदा केली आणि मग मला एवढेच म्हणाल्या, "बेटा, आता यांना मिरकरवाड्याला सोडून ये. बंदरावर मासळी असते, उपाशी मरणार नाहीत."

चूक मांजरीची नव्हती, माझी होती. पैसे वाचवायला म्हणून मी आदल्याच दिवशी टबातली माती काढून त्यात फाडलेली वर्तमानपत्रे भरली होती. मांजरीला ती आवडली नाहीत, तिने मऊ जागा शोधली.

अंगण असलेल्या घरात हा प्रश्न येत नाही. फ्लॅटमध्ये मात्र चार मांजरे म्हणजे वाण्याच्या यादीत आणखी एक मोठा खर्च.

घर पाक राहावे आणि मांजरही

हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वजूच्या पाण्यात मांजर तोंड घालू लागले, तेव्हा त्यांनी भांडे तिच्याकडे कलते केले. सून हजरत कबशा आश्चर्याने पाहू लागल्या, तेव्हा त्यांनी रसूलुल्लाह (स.) यांचे म्हणणे सांगितले की मांजर नजिस नाही, ते तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. पण मांजर पाक असले तरी त्याची लघवी आणि विष्ठा नापाकच. म्हणून नमाजाच्या जागेचा प्रश्न खरा होता आणि सासूबाईंची तक्रारही रास्त होती.

दुसरीकडे, मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. घरात वाढलेले मांजर बंदरावर सोडले तर कुत्री, गाड्या आणि तिथल्या जुन्या बोक्यांपुढे ते किती टिकेल? मी सासूबाईंकडे एक महिना मागितला.

स्वस्त माती महाग कशी पडते

दुकानात मिळणारे 'कॅट लिटर' बहुधा बेंटोनाइट मातीचे असते. ही माती आपल्याकडे कच्छ आणि राजस्थानात निघते. ओली झाली की तिचा गोळा होतो. तो गोळा उचलून टाकायचा, बाकीची माती तशीच राहते.

मी आधी ५० रुपये किलोची माती आणत होते. चार मांजरांना महिन्याला २५ किलो, म्हणजे १,२५० रुपये. मग ३५ रुपये किलोची आणली. तिचा गोळा हात लावताच फुटायचा, लघवी तळाशी उतरायची आणि चौथ्या दिवशी सगळा टब ओतावा लागायचा. महिन्याचा खर्च उलट वाढला.

म्हणून मोठे पोते घेण्याआधी लहान पिशवी आणा. वाटीभर मातीत दोन चमचे पाणी घाला आणि पाव तासाने उचलून पाहा. गोळा अखंड निघाला तरच ती माती घ्या. सुगंधी माती टाळा. आपल्याला येणारा गुलाबाचा वास मांजराच्या नाकाला सोसत नाही.

आमचा तोडगा

वाळू फुकट मिळाली तरी लघवी शोषत नाही. आमच्या घरी जमला तो लाकडाचा भुसा. वखारीत १०० रुपयांना पोते मिळते. मात्र प्लायवूडचा किंवा रंग, पॉलिश लावलेल्या लाकडाचा भुसा नको. बारीक धुरळ्याने मांजरे शिंकतात, म्हणून चाळून घ्यावा. कोकणात पावसाळ्यात भुसा ओलसर येतो. मेमध्येच दोन पोती भरून ठेवावीत.

बदल एकदम करू नका. मी पहिल्या आठवड्यात मातीत पाव भाग भुसा मिसळला आणि हळूहळू वाढवला. तीन मांजरांनी तो मान्य केला, चौथीने नाही. तिच्यासाठी एक टब मातीचाच ठेवला. आज महिन्याला ८ किलो माती आणि दोन पोती भुसा, मिळून ६०० रुपये लागतात.

जितकी मांजरे त्याहून एक टब जास्त, असा नियम जाणकार सांगतात. दोन खोल्यांत पाच टब कुठले? आम्ही तीन ठेवले, पण वेगवेगळ्या जागी आणि जेवणाच्या ताटल्यांपासून दूर. महागड्या पेट्यांऐवजी गवंडी वापरतात ती प्लास्टिकची मोठी घमेली आणली. माती किंवा भुसा चार बोटे भरावा. लहान पिले माती खातात, त्यांना गोळा होणारी माती देऊ नये.

हे विसरू नका

घाण रोज सकाळ-संध्याकाळ काढा. टोक्सोप्लाझ्मोसिस नावाचा रोग मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो, पण विष्ठेतले जंतू लागण करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो. रोजची सफाई म्हणूनच महत्त्वाची. गरोदर बाईने हे काम घरातल्या दुसऱ्यावर सोपवावे.

घमेली साबण आणि गरम पाण्याने धुवा. फिनेल मांजरांना विषारी आहे. पंजाला लागलेले ते चाटतात. माती संडासात ओतू नका, फुगून पाइप तुंबतो. कागदात गुंडाळून घंटागाडीत द्या. हा भुसा कोथिंबिरीच्या कुंडीतही घालू नका.

आणि बोका टबात वारंवार बसून जोर करत असेल, पण लघवी होत नसेल, तर मातीला दोष देत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उशीर जिवावर बेततो.

महिना संपला तेव्हा मी सासूबाईंना काही विचारले नाही, त्यांनीही बंदराचे नाव काढले नाही. मुसल्ला मात्र आता नमाजानंतर घडी होऊन कपाटात जातो. आणि परवा मी शाळेतून आले तर त्या गॅलरीत तांदळाची जुनी चाळण घेऊन भुसा चाळत बसल्या होत्या.