फौजेचा खर्च कोणी किती उचलायचा?

तळेरे बाजारात घेतलेल्या साबणावरही आपण कर भरतो. त्यातला केंद्राचा हिस्सा देशाच्या सैन्यावरही खर्च होतो. म्हणून हा प्रश्न आपल्या तरुणांचाही आहे, असे आम्ही मानतो.

तो नवा नाही. १९१९ च्या कायद्याने केंद्र आणि प्रांतांची उत्पन्नाची साधने वेगळी झाली. फौजेचा मोठा खर्च केंद्राकडे राहिला आणि तूट आली. ती प्रांतांनी वर्गणी देऊन भरायची ठरले. मेस्टन समितीने १९२० मध्ये ९८३ लाख रुपयांची वाटणी केली : मद्रास ३४८, संयुक्त प्रांत २४०, पंजाब १७५, मुंबई ५६ लाख, बिहार-ओरिसाला शून्य. नव्या व्यवस्थेत कोणाच्या हाती जास्त पैसा येतो, एवढेच पाहिले गेले. जनतेची ऐपत आणि गरज मागे पडली. ओरड झाली आणि १९२८ पर्यंत या वर्गण्या संपल्या. बाबासाहेबांनी १९२५ च्या ग्रंथात प्रांतिक वित्ताचा हाच इतिहास तपासला.

आज संरक्षण केंद्राकडेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी विभाज्य करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि संरक्षण व अंतर्गत सुरक्षेसाठी सुमारे २.३८ लाख कोटींचा वेगळा निधी सुचवला. असा पैसा वाटणीआधीच बाजूला काढला, तर राज्याची तिजोरी आटते. त्याच तिजोरीवर समाजकल्याणची वसतिगृहे आणि सरकारी दवाखाने चालतात.

महार पलटणींचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाला सैन्य हवेच. पण वाटणीचे माप कोणते, हे विचारणे देशद्रोह नव्हे. ते नागरिकाचे काम आहे.

जय भीम!