शिंक गादीची, नातं कोळंबीशी!

देवनारमध्ये कुणी शिंकलं की बोट जातं ते 1927 पासून मुंबईचा कचरा झेलणाऱ्या डम्पिंग ग्राउंडकडे. तिथल्या धुराचा त्रास खराच. पण सकाळी अंथरूण झटकताना सटासट शिंका येत असतील, तर दुसरा संशयित गादीत आहे: डस्ट माइट. लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास, पाय आठ, भावकी कोळ्या-गोचिडांची.

हा चावत नाही, आपल्या अंगावरून गळणारा कोंडा खातो. पाणी पीत नाही, हवेतला ओलावाच शोषतो. खाडीकाठचा पावसाळा म्हणजे त्याची चंगळ! धुळीतला खरा गुन्हेगार हाच, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी 1964 मध्ये दाखवलं.

छळते ती त्याची विष्ठा. तिच्यात 'डर पी 1' नावाचं पाचक प्रथिन असतं. त्याच्या चुलतभावाचं, म्हणजे दुसऱ्या प्रजातीच्या माइटचं, प्रथिन 'डर एफ 1'. दोघांची रचना सुमारे 80 टक्के सारखी. त्यामुळे एकाविरुद्ध शरीराने उभी केलेली फौज दुसऱ्यावरही तुटून पडते. वैर थोरल्याशी, मार धाकट्यालाही!

उष्ण-दमट प्रदेशातला 'ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस' हा माइट मात्र दूरच्या नात्यातला. त्याचं 'ब्लो टी 5' आणि वरच्या थोरल्याचं 'डर पी 5' जेमतेम 40 टक्क्यांच्या आसपास जुळतं. एकाची ॲलर्जी म्हणजे दुसऱ्याची, असं इथे धरता येत नाही. तेव्हा एकाच माइटची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून मुंबईकराने निःशंक होऊ नये.

आणि कोळंबी? माइटच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन असतं, ऊर्फ 'डर पी 10'. जवळपास तसंच प्रथिन झुरळात, खेकड्यात, सुक्या जवळ्यातही. म्हणून माइटची ॲलर्जी असलेल्या काहींचे ओठ कोळंबी खाताच खाजतात. कालवण कितीही रटरटवा, हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. बांगडा-पापलेट या भानगडीत नाहीत. माशांच्या ॲलर्जीमागचं मुख्य प्रथिनच निराळं.

गादीला कडक ऊन दिलं तर माइट सुकून मरतात, विष्ठा तिथेच राहते. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या गरम पाण्यात धुतले, तर माइटही मरतात आणि प्रथिनही बरंचसं वाहून जातं. निव्वळ माइटचा रिपोर्ट पाहून कोळंबी मात्र सोडू नका. खाऊन त्रास होत असेल, तर आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारा.