अप्रेझलची घंटा

एम-थ्रीच्या पेपरला नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचं गणित हमखास येतं, म्हणून आपण सगळेच ते घोटून जातो आणि पेपर झाला की विसरतो. मीही विसरलो होतो. पुढे ते पुन्हा भेटलं, एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मीटिंग रूममध्ये. एम.टेक.ला यायच्या आधी मी अडीच वर्षं तिथे नोकरी केली, तेव्हाची ही गोष्ट.

आमची टीम दहा जणांची. रात्री जागून प्रोजेक्ट वेळेत दिला होता. क्लाएंटची कौतुकाची मेल आली, मॅनेजरने सगळ्यांना पिझ्झा खिलवला. मग मार्च संपला आणि अप्रेझल आलं. मॅनेजर मला आत बोलावून म्हणाला, "अरे, तुझं काम चांगलंच आहे. पण दहांत एकाला शेवटचं रेटिंग द्यावंच लागतं. तुझं लग्न व्हायचंय, घराचा हप्ता नाही. समजून घे."

काय समजून घ्यायचं? त्या वर्षीचा व्हेरिएबल पे गेला, ऑनसाइटच्या यादीतून नाव गेलं. घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. दोन आठवडे मी मॅनेजरला मनातल्या मनात शिव्या घातल्या. नंतर लक्षात आलं, की तो बिचारा फक्त तक्ता भरत होता. खरी गडबड तक्त्यातच होती.

त्या तक्त्याचं नाव बेल कर्व्ह. माणसांची उंची मोजून आलेख काढला तर मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता असा घंटेसारखा आकार येतो. कामाचंही तसंच असणार असं धरून कंपन्या टक्केवारी आधीच ठरवतात. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्श (प्रमुखपदी १९८१ ते २००१) यांनी ही पद्धत जगभर गाजवली. वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १०. वरच्यांना बक्षीस, खालच्यांना नारळ!

यामागे कारण नाही असं नाही. मोकळीक दिली तर बरेच मॅनेजर वाईटपणा नको म्हणून सगळ्यांनाच 'उत्तम' देऊन टाकतात. पगारवाढीचे पैसे मात्र ठरलेले असतात. मग कोटा ठरवून द्यायचा, की भांडण मिटलं. पण यात तीन घोळ आहेत.

पहिला घोळ आपल्याच गणिताचा. समजा, कंपनीतले खालचे १० टक्के लोक खरंच ओळखता आले, आणि टीम चिठ्ठ्या टाकून बनवल्या. दहाच्या टीममध्ये त्यातला एकही नसण्याची शक्यता किती? ०.९ चा दहावा घात, म्हणजे साधारण ३५ टक्के. बरोबर एक असण्याची ३९ टक्के, दोन किंवा जास्त असण्याची २६ टक्के. म्हणजे तक्ता दहापैकी जेमतेम चार टीमना लागू पडतो. शंभरातल्या ३५ टीममध्ये शेवटचा कोणी नसतानाही एकाला शेवटचा 'बनवावं' लागतं. शिवाय टीम चिठ्ठ्या टाकून बनत नाहीत. अॅप्टिट्यूड, टेक्निकल, एच.आर. अशा चाळण्या लावूनच माणसं आत घेतलेली असतात.

दुसरा घोळ एडवर्ड्स डेमिंग यांनी दाखवला. १९५० मध्ये जपानी इंजिनिअरांना संख्याशास्त्रातून क्वालिटी कंट्रोल शिकवणारे ते हेच. ते व्याख्यानात मण्यांचा प्रयोग करत. पेटीत ८० टक्के पांढरे मणी, २० टक्के लाल. 'कामगारांनी' ५० खळग्यांची फळी बुडवून मणी काढायचे. लाल मणी म्हणजे खराब माल. कमी लाल आले की शाबासकी, जास्त आले की दम!

मागच्या महिन्यात आम्ही सहा जणांनी रूमवर हे करून पाहिलं. फळी नव्हती, डोळे मिटून पन्नास-पन्नास मणी मोजले. लाल आले ७, १३, ९, १०, ६ आणि १४. चौदावाल्याची आम्ही यथेच्छ खेचली. त्याची चूक काय? सरासरी १०, स्टँडर्ड डेव्हिएशन २.८. तीन सिग्मा धरले तर २ पासून १८ पर्यंत काहीही येऊ शकतं. लाल मणी पेटीतच होते, आणि पेटी कामगाराने भरलेली नव्हती. कोणाला कुठलं मॉड्यूल मिळालं, कोणाचा क्लाएंट दर आठवड्याला मत बदलतो, हे सगळे पेटीतलेच मणी. १९८६ च्या 'आउट ऑफ द क्रायसिस' या पुस्तकात डेमिंगनी वार्षिक मूल्यमापनाला व्यवस्थापनाच्या जीवघेण्या रोगांत बसवलं, ते यासाठीच.

तिसरा घोळ माझ्या हातून झाला, आणि तो सांगायला लाज वाटते. पुढच्या वर्षी माझ्या शेजारी एक नवीन मुलगा बसायचा. माझ्याकडे एक स्क्रिप्ट होती, त्याचं चार तासांचं काम वीस मिनिटांत झालं असतं. मी दिली नाही. कोणीतरी शेवटचा होणारच होता, तो मी व्हायचं नव्हतं. तो रोज रात्री नऊपर्यंत थांबायचा, मी सहाची बस पकडायचो. त्या वर्षी मला मधलं रेटिंग मिळालं. आनंद झाला नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही सक्तीची क्रमवारी बंद केली. पण सगळ्या कंपन्यांतून ती गेलेली नाही. कुठे ती आहे, कुठे नाव बदलून आहे. म्हणून प्लेसमेंटच्या टॉकमध्ये पॅकेजचा आकडा विचारून थांबू नका. त्यातला किती भाग रेटिंगवर अवलंबून आहे, आणि रेटिंगला कोटा आहे का, तेही विचारा. नोकरीला लागलात की केलेल्या कामाची दर शुक्रवारी तारखेसकट नोंद ठेवा. मार्चमध्ये मॅनेजरला फेब्रुवारीच आठवतो. आणि रेटिंग खाली आलंच, तर लगेच स्वतःला नालायक ठरवू नका. आधी पेटी बघा.

तुमच्यापैकी काही जण उद्या मॅनेजर होतील. तेव्हा हा तक्ता तुमच्यासमोर येईल. निदान एकदा वर विचारा, की दहा माणसांवर ही घंटा कशी बसते?

आणि हो, सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्या रूममधला जर्नल मागायला आला, तर देऊन टाका. सवय इथूनच लागते.